पुढच्या डिस्कचे पॅड घरी बदलले, पण एक पॅड पार संपलेलं आणि दुसरं अर्धं शिल्लक, असं का?

घाटउतार

मंडळी, फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दातच सांगतो, लांबण लागेल.

गाडी होंडा युनिकॉर्न, २०१३ ची, ६८ हजार किमी झालेत. जुलैत ताम्हिणी उतरून माणगावला एका साखरपुड्याला चाललो होतो. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की खर्रर्र, पत्र्यावर वीट घासावी तसा आवाज. वाटलं खडा अडकला असेल, पाऊस होताच, बाटलीतलं पाणी मारलं. दोन वळणं गप्प बसला आणि परत सुरू. रविवार असल्यामुळे माणगावात एकही गॅरेज उघडं नाही, मग दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गिअरवर रांगत पुण्यात आलो. (शिव्या घालायच्या असतील तर इथेच घाला, बायकोने घालून झाल्यात.)

आता मुद्दा असा की हे पॅड ११ महिन्यांपूर्वी एका गॅरेजात टाकलेले, गाडी त्यानंतर जेमतेम ७ हजार चालली. त्याआधीचा सेट १८ हजार गेला होता. म्हणजे मला डुप्लिकेट माल चिकटवला हे उघड आहे, म्हणून डोकं फिरलं आणि ठरवलं की यावेळी स्वतःच करायचं. नाना पेठेतून ३२० रुपयांचे पॅड आणले, व्हिडिओ बघितले आणि शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून बसलो.

पहिला घोळ. मी आधी कॅलिपरचे (पॅड धरून डिस्कवर दाबणारा तो ठोकळा) दोन बोल्ट काढले, कॅलिपर हातात घेतला आणि मग पॅडची पिन काढायला गेलो. त्या पिनवर एक चपट्या खाचेचं टोपण असतं, ते निघालं, आत ५ ची एलन की लागते. पण पिन जाम आणि कॅलिपर हातात, जोर लावायचा कशावर? किल्ली फिरवली की अख्खा कॅलिपर फिरतोय, एका पायाने दाबून बघितला, पाय घसरला आणि नडगी सोलली. शेवटी कॅलिपर परत जागेवर बसवला, बोल्ट आवळले, मग पिन ढिली केली आणि परत बोल्ट खोलले. अर्धा तास गेला.

दुसरा घोळ पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या, मागे ढकलताना. वर हँडलपाशी ऑइलची डबी असते तिचं झाकण उघडून ठेवा असं व्हिडिओत सांगितलेलं, ते ठेवलं. पण पिस्टन आत जायला लागला तसं डबीतलं ऑइल वर वर येत काठावरून टाकीवर. गॅरेजवाल्याने मागच्या सर्व्हिसिंगला "ऑइल कमी होतं, भरलं" असं सांगून काठोकाठ भरून ठेवलेलं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला. पॅड बाहेर काढले तर पिस्टनच्या बाजूच्या पॅडचा नुसता लोखंडी पत्रा उरलेला, डिस्कवर नख फिरवलं तर चर लागतात. आणि चाकाच्या बाजूचं पॅड? त्यावर आरामात अडीच मिलिमीटर माल शिल्लक. एकाच डबीतले दोन पॅड, एक मेलं आणि दुसरं मजेत. हे काय गौडबंगाल आहे?

---

तिसरा गिअर

टाकीवरचं ऑइल पुसलं की धुतलं?? नुसतं फडक्याने पुसलं असेल तर आत्ता जा आणि पाणी मार, ब्रेक ऑइल रंग खातं. माझ्या टाकीवर तळहाताएवढा फोड आलेला आहे त्यावर मी स्टिकर लावून फिरतो.

---

घाटउतार

बादलीभर ओतलं लगेच. रंग वाचला, थोडा निस्तेज वाटतोय पण तो आधीपासून असेल असं स्वतःला सांगतोय.

---

शंकेखोर

स्पष्ट बोलतो राग मानू नका. ब्रेक हा हौसेचा विषय नाही. साखळीला तेल घाला, प्लग पुसा, हवा तपासा, पण ब्रेक जाणत्या माणसाकडेच. व्हिडिओ बघून कोणी अपेंडिक्स काढतं का? उद्या काही झालं तर तुम्ही एकटेच नाही, समोरचाही जातो.

---

सोनचाफा

@शंकेखोर, अहो पण जाणत्या माणसाने काय केलं ते वर लिहिलंय ना त्यांनी. पॅड न बघता डबी भरून दिली, पिनेला हात लावला नाही, ११ महिन्यात पॅड खलास. मी गेली चार वर्षं माझ्या गाडीचे पॅड स्वतः बदलते, पहिल्यांदा तीन तास लागले होते आणि आता चाळीस मिनिटं. टॉर्क पाना घेतला एकदाच, महाग वाटला पण त्यानंतर बोल्टचे आटे गेले नाहीत आणि रात्री झोपही लागते. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कुठला बोल्ट किती आवळायचा त्याचा आकडा दिलेला असतो तो बघून आवळायचा, संपला विषय.

@घाटउतार, पॅडला शिव्या देऊ नका. कॅलिपरच्या सरकत्या पिना बघितल्या का? पॅडची पिन नव्हे, ज्या दोन पिनांवर अख्खा कॅलिपर आतबाहेर सरकतो त्या, रबराची टोपी असते बघा त्यांना.

---

घाटउतार

पिना म्हणजे ते अकॉर्डियनसारखं रबर आहे तेच ना? बघितल्या म्हणजे लांबून बघितल्या 😐 काढल्या नाहीत.

---

बारा-तेराचा पाना

काढ.

मी ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता गुडघे बसू देत नाहीत म्हणून बंद केलं, त्यामुळे टायपायला वेळच वेळ आहे, नीट वाच.

तुझ्या गाडीला पिस्टन एकाच बाजूला आहे, बाहेरच्या. तू लिव्हर दाबलास की पिस्टन बाहेरचं पॅड डिस्कवर दाबतो. मग चाकाच्या बाजूचं पॅड कोण दाबतं? त्या बाजूला तर पिस्टनच नाही. पिस्टनने डिस्कला रेटलं की डिस्क काही हलत नाही, म्हणून उलट अख्खा कॅलिपरच बाहेरच्या अंगाला सरकतो आणि आतलं पॅड ओढून डिस्कला टेकवतो. हे सरकणं त्या दोन पिनांवर होतं. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळी मेहनत पिस्टनच्या बाजूचं पॅड एकटं करतं, आणि ब्रेक सोडल्यावरही ते पूर्ण सुटत नाही, थोडं थोडं घासत राहतं. तुझं तेच झालंय. ओरिजिनल पॅड असते तरी हेच झालं असतं, दोन महिने इकडे नाहीतर तिकडे.

आता ऑइलचं ऐक कारण ते त्याहून महत्त्वाचं आहे. पिस्टनभोवती चौकोनी काठाचं रबरी सील असतं. ब्रेक मारला की पिस्टन पुढे जाताना ते सील पिळतं, आणि सोडला की ते आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. त्याला मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे काही नाही, तेवढ्या रबराच्या पिळावर काम. पॅड झिजलं की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून नवी जागा पकडतो, म्हणून तुला लिव्हर कायम सारखीच लागते. पण पिस्टन जेवढा बाहेर आला तेवढी मागची पोकळी भरायला ऑइल खाली गेलं, म्हणून डबीत पातळी कमी दिसते. म्हणजे ऑइल कमी दिसलं की आधी पॅड बघायचे असतात. गळती नसताना त्यात वरून ऑइल भरणारा माणूस पॅड न बघता भरतोय एवढंच समजायचं.

आम्हीपण भरायचो हे कबूल करतो. गिऱ्हाईक उभं असतं, मागे सहा गाड्या, पॅड बदलायची मजुरी त्या काळात पंधरा-वीस रुपये, त्यात पिना काढून धुऊन ग्रीस कोण लावणार. पॅड घालायला दहा मिनिटं लागतात आणि साफसफाईला दोन तास, आणि त्या दोन तासांचे पैसे कुणी देत नाही. सांगितलं तर म्हणतात काका नुसते पॅड टाका.

---

वाशिष्ठीकाठ

पाना काकांना दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

इकडे चिपळुणात हा रोग घरटी आहे. जून ते सप्टेंबर कुंभार्ली घाटातला लाल चिखल पॅडमध्ये बसतो, पॉलिश पेपर लावल्यासारखे पॅड खातो आणि पिनेच्या रबराला बारीकशी चीर असली तरी पाणी आत. दिवाळीत गाडी काढली की पुढचं चाक ढकलायला दोन माणसं. मी गणपतीनंतर एकदा आणि मे मध्ये एकदा पिना काढतो, काही झालेलं असो नसो.

तपासायची सोपी रीत, चाक थंड असताना कॅलिपर हाताने धरून आतबाहेर हलवून बघायचा. किंचित सरकला पाहिजे. भिंतीसारखा राहिला तर समजा गेल्या.

---

घाटउतार

काका, काढल्या. म्हणजे एक निघाली, दुसरी पक्कडीने फिरवत फिरवत वीस मिनिटांनी. पहिलीवर जुनं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं कडक झालेलं, दुसरीवर ग्रीस नाहीच, नुसता गंज, आणि रबराच्या टोपीला मुळाशी अर्ध्या गोलाएवढी फाट. आख्खं उत्तर त्या फाटीत होतं आणि मी नाना पेठेतल्या दुकानदाराशी ओरिजिनल-डुप्लिकेटवर वाद घालून आलो होतो.

आता गंज पॉलिश पेपरने काढू का? आणि ग्रीस घरात बेअरिंगचं पिवळं आहे ते चालेल?

---

बारा-तेराचा पाना

नाही नाही नाही. पिवळं ग्रीस खनिज तेलाचं, त्याने ते रबर फुगतं आणि पिन परत जाम, दोन महिन्यात इथेच येशील. सिलिकॉन ग्रीस आण, ब्रेकच्या पिनेसाठीचं म्हणून सांग, छोटी ट्यूब मिळते. आणि थापू नकोस, पातळ थर. भोकात ग्रीस ठासून भरलं तर आतली हवा कोंडते आणि पिन दाबलेल्या पंपासारखी परत बाहेर येते.

वरचा गंज बारीक पेपरने गेला आणि खाली पिन गुळगुळीत निघाली तर ठीक. खड्डे दिसले तर नवीन पिन घे, रबरं तर दोन्ही नवीनच.

---

सोनचाफा

त्यात भर, पिस्टन परत आत ढकलण्याआधी धुतला का? पॅड झिजत जातात तसा पिस्टनचा जो भाग बाहेर उघडा पडतो त्यावर ब्रेकची काळी पूड आणि चिखल बसतो. तसाच आत ढकलला की ती घाण सीलमधून ओढत नेतो. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही तिथे बुटाची नाडी गुंडाळून दोन्ही टोकं ओढत पुसायचं, नाडीची आयडिया माझी आहे. मग कोरडा करून त्यावर ताज्या ब्रेक ऑइलचं एक बोट आणि अंगठ्याने सरळ आत. पेट्रोल, डिझेल, गंज सोडवायचा तो निळ्या डब्यातला स्प्रे, यातलं काही त्या रबरांच्या आसपास नाही. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलकट हात लागला तरी ते पॅड रडतं.

हो आणि कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने शॉकअपला बांधा.

---

घाटउतार

लोंबकळत होता 🙈 बांधला.

---

तिसरा गिअर

डिस्कच्या चरांचं काय करणार? डिस्कवर मिन टीएच असं कोरून पुढे आकडा असतो, तेवढ्यापेक्षा पातळ झाली की नवीन घ्यायची. मी व्हर्नियर लावला तर भरपूर शिल्लक दाखवली.

---

बारा-तेराचा पाना

व्हर्नियर खोटं बोलतो तिथे. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाही, त्यामुळे काठाला न झिजलेला कंगोरा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या कंगोऱ्यावर बसतात. दोन्ही बाजूंनी एकेक नाणं झिजलेल्या भागावर ठेव, नाण्यांसकट माप घे आणि दोन नाण्यांची जाडी वजा कर. आम्ही चार आण्याची वापरायचो.

बारीक चर असतील तर नवीन पॅड त्यात हळूहळू बसतं. नख अडकून थांबत असेल तर डिस्क बदल.

---

रात्रपाळी

अवांतर: माझ्या गाडीला एबीएस आहे, २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आहेच. पॅड बदलायची रीत तीच ना? की त्या सेन्सरचं काही करावं लागतं?

---

सोनचाफा

पॅडची रीत तीच. सेन्सर आणि त्याच्या दातेरी चकतीला धक्का देऊ नका, पिस्टन सावकाश ढकला. ऑइल पूर्ण बदलायचं असेल किंवा सिस्टिममध्ये हवा शिरली तर मात्र एबीएसच्या ठोकळ्यातली हवा घरी निघेलच असं नाही, ते सर्व्हिस सेंटरला.

---

शंकेखोर

बरं, ऑइलचा विषय निघालाच आहे तर. घाटउतार यांच्या गाडीत २०१३ पासून ऑइल बदललंय का ते विचारा. नुसतं भरत गेलेत असं दिसतंय.

---

घाटउतार

ऑइलचा रंग कडक चहा. आठवत नाही कधी बदललं ते, बहुतेक कधीच नाही. एवढं काय होतं त्याने?

---

शंकेखोर

होतं. ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) असेल तर कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळायला हवं असं मानक आहे, आणि ओलावा मुरल्यावर किमान १५५ ला. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर सतत ब्रेक धरून उतरलात तर कॅलिपर तापतो, जुनं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर रबरासारखी हँडलला टेकते. गाडी थांबत नाही. हे मी वाचलेलं सांगत नाहीये, खंबाटकी उतरताना अनुभवलंय, म्हणून मी वर तसा बोललो. त्यानंतर दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरतो.

डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळं असतं ते यात चालत नाही, नावं सारखी असली तरी. अर्धी वापरलेली बाटली फळीवर ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका, तीही ओलावा पितेच.

---

वाशिष्ठीकाठ

शंकेखोर भाऊ, हे आधी लिहिलं असतंत तर तुम्हाला अपेंडिक्सवरून कुणी बोललं नसतं 😄

---

बारा-तेराचा पाना

घाटउतार, सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर पंप केलीस ना रे?

---

घाटउतार

काका हे तुम्ही विचारणार याची भीती होती.

पहिल्या शनिवारी, म्हणजे पिना काढायच्या आधी, नुसते नवीन पॅड घालून सगळं आवळलं. खूश होतो. गाडी सुरू केली, पार्किंगमधून रस्त्यावर जायला आमच्याकडे दहा-बारा पावलांचा उतार आहे, त्यावर सोडली आणि सवयीने पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर सरळ हँडलला. काहीच नाही. जणू तिथे ब्रेक कधी नव्हताच. खाली वॉचमन काका खुर्चीत बसून डबा खात होते, मी मागचा ब्रेक आणि दोन्ही चपला घासत त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबलो. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. म्हणाले, साहेब, गाडी ढकलत न्या.

नंतर कळलं की पिस्टन आत ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत परत यायला लिव्हर आठ-दहा वेळा दाबावी लागते. व्हिडिओत होतं ते, शेवटच्या मिनिटात, आणि मी तोवर बंद केला होता.

---

शंकेखोर

मी काही बोलत नाही.

---

सोनचाफा

प्रत्येकाचं एकदा होतं. माझं गेट होतं.

मी आता लिव्हरला पिवळं फडकं बांधते काम सुरू करतानाच. पंप करून कडक लागली, डबीतली पातळी बघितली, झाकण लावलं, मगच फडकं सोडायचं. याचा दुसरा फायदा असा की कॅलिपर बाहेर असताना चुकून कुणी लिव्हर दाबत नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन पडतो आणि मग ऑइलची आंघोळ. माझ्या भाच्याने दाबली होती.

---

घाटउतार

अपडेट, तीन आठवड्यांनी.

एक पिन, दोन्ही रबरं नवीन घातली, सिलिकॉन ग्रीस, पिस्टन नाडीने पुसला (सोनचाफा ताई, मी लाल नाडी वापरली). ऑइल बदलायला मित्राला बसवलं, तो लिव्हर दाबून धरायचा आणि मी कॅलिपरवरचा ऑइल काढायचा निपल अर्धा आटा सोडून नळीतून बाटलीत, चहा जाऊन पाण्यासारखं येईपर्यंत. मध्ये एकदा डबी रिकामी होऊ दिली आणि हवा शिरली, परत सगळं पहिल्यापासून. पंप करून कडक लागल्यावर लिव्हरचं फडकं सोडलं, मग उतारावर ढकलत नेली.

पहिले दोनशे किमी जोरात ब्रेक मारला नाही, चाळीसवरून हळूहळू दहावर असं पुन्हा पुन्हा केलं. पहिल्या दिवशी पकड कमी वाटली आणि घाबरलो, आता बसलीये. काल चाक उचलून फिरवलं तर चार फेऱ्या फिरतं, आधी अर्धी फिरायचं आणि मी समजायचो की डिस्कच्या गाडीला असंच असतं. दोन्ही पॅड टॉर्च मारून बघितले, सारखे दिसतात. डिस्क नाण्यांनी मोजली, शिल्लक आहे पण फार नाही, पुढच्या सेटला बदलणार.

खर्च पॅड धरून हजाराच्या आत, नडगीची पट्टी वेगळी.

आता वॉचमन काकांनी त्यांची स्प्लेंडर आणून लावलीये, मागचा ब्रेक लागत नाही म्हणतात. ड्रम आहे, ब्रेकच्या आर्मवरचा बाण खुणेच्या पुढे गेलाय म्हणजे लायनर संपले असणार. नाही म्हणता येत नाही हो, त्या दिवसानंतर. कुणी सांगेल का काय काय लागेल?

---

बारा-तेराचा पाना

ड्रम उघडल्यावर आतली पूड तोंडाने फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पुस. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आम्ही फुंकून फुंकून खोकत बसलोय. स्प्रिंगा पक्कडीने ओढू नकोस, दोन्ही लायनर एकत्र पुस्तकासारखे दुमडून काढ. कॅमला ग्रीस थेंबभर, लायनरला लागता कामा नये. बाकी सोपं आहे.

---

घाटउतार

काका, एक्सलचा नट माझ्या संचातल्या सगळ्यात मोठ्या पान्यातही बसत नाहीये. कोथरूडात कुणाकडे आहे का मोठा, रविवारी दुपारपुरता?

---

तिसरा गिअर

आहे. डहाणूकर कॉलनी. पण माझ्या टाकीवरच्या फोडाचं काहीतरी कर, तू पॉलिश चांगली केलीस म्हणे.